पारंपरिक धनुष्य आणि शिकाऱ्याची शिस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आम्ही काही जण साधं धनुष्य चालवतो. त्याला कप्प्या नाहीत, दुर्बीण नाही, नेमाची सुईसुद्धा नाही. पन्हाळ्याच्या बाजूला एका मित्राच्या शेताच्या कडेला ओढा आहे, थोडी चढण आहे, झाडी आहे. तिथं रविवारी सकाळी जमतो. नवीन येणारा प्रत्येक जण जवळपास तेच विचारतो, आणि रस्त्यानं जाणारे तर गाडी थांबवून विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवलं आहे.

तुम्ही शिकार करता का?

नाही. ससा नाही, तितर नाही, डुक्कर नाही, काहीच नाही. ‘एकदाच, गंमत म्हणून’ असं म्हणणाऱ्याला आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो.

मग शिकारीच्या गोष्टी कशाला करता? सरळ धनुर्विद्या म्हणा की.

मैदानावरची धनुर्विद्या वेगळी. तिथं अंतर मोजलेलं असतं, जमीन सपाट असते, लक्ष्य समोर तोंड करून उभं असतं आणि ठरलेल्या वेळात ठरलेले बाण सोडायचेच असतात. आम्हाला आवडते ती दुसरी रीत. अंतर आपण डोळ्यानं जोखायचं, पाय चढणीवर, मध्ये एखादी करवंदीची जाळी, वारा कुठून येतोय ते बघायचं, आणि मग ठरवायचं की हा बाण सोडावा की न सोडावा. ही रीत शिकाऱ्यांनी घडवली. तिचं श्रेय त्यांना न देणं बरोबर नाही.

शिकाऱ्याच्या शिस्तीतला सगळ्यात मोठा भाग न सोडलेल्या बाणांचा असतो. जिथं धनुष्यानं शिकार कायदेशीर आहे, तिथले जुनेजाणते लोक नवख्याला आधी नकार शिकवतात. जनावर पळतंय, तर नको. तोंड आपल्याकडे आहे, नको. मध्ये फांदी आहे, नको. उजेड चाललाय, आता मागही काढता येणार नाही, तर नकोच. आपल्या गटात बाण कुठल्या प्राण्याला लागायचाच नाही. पण हा नकार अंगात मुरवायला लक्ष्य म्हणून उभं केलेलं फोमचं डुक्करही पुरतं, हा आमचा अनुभव आहे. ज्याला मोह आवरत नाही तो फोमच्या डुकरापुढेही उघडा पडतो.

कायदा नेमका काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. कलम ९ शिकारीला बंदी घालतं. लोकांना वाटतं शिकार म्हणजे जीव घेणं. कायद्यात त्याचा अर्थ बराच मोठा आहे. पकडणं, फासात अडकवणं, विष घालणं, जखमी करणं, अंडी-घरटी नासवणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारीतच येतं. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा झालेलाच असतो. ‘लागला नाही की साहेब’ हे उत्तर चालत नाही.

शिक्षेचं सांगायचं तर, पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्याची शिकार केली किंवा अभयारण्यात शिकार केली, तर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. ज्या घोरपडीकडे गावाकडे अजूनही लोक कोरड्यास म्हणून बघतात, ती पहिल्या अनुसूचीत आहे.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्यांनी पाठ करून ठेवायला हवी. या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव घेऊन उल्लेख आहे, आणि कलम ३१ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. तेव्हा राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरला फिरायला जाताना गाडीच्या डिकीत धनुष्य राहिलं, असं होता कामा नये. निघण्याआधी डिकी बघायची. सणावाराच्या, निवडणुकीच्या आधी जिल्हा प्रशासन शस्त्रबंदीचे आदेश काढतं. त्या दिवसांत शहरातून धनुष्य उघडं नेऊ नका, आणि शंका असेल तर नेऊच नका.

रानडुकरं आमचा ऊस आणि भुईमूग उद्ध्वस्त करतात. तुम्ही येऊन चार-दोन मारा की.

हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि तो राग खोटा नाही. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडकडच्या शेतकऱ्याला विचारा, रात्र रात्र राखणीला बसून माणूस पिचून जातो. तरीही उत्तर नाही असंच आहे.

पिकाची नासाडी करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत कलम ११ खाली परवानगीची तरतूद आहे. पण ती लेखी असते, अधिकाऱ्यानं द्यायची असते, आणि कुणी, कुठं, किती हे त्यात ठरलेलं असतं. रविवारच्या हौशी लोकांना बोलावून घ्यायची ती सोय नाही. शिवाय रात्रीच्या उसात धनुष्य हे सगळ्यात चुकीचं हत्यार आहे. दिसत काही नाही, पाचटीत माग लागत नाही, आणि जखमी डुक्कर सकाळी बांधावर कुणाच्या तरी पोराला भेटणार.

भरपाईचा अर्ज, पंचनामा, फोटो या कामात मात्र आमच्यातले दोघे-तिघे मदत करतात. त्याला नाद म्हणता येणार नाही, पण उपयोग होतो.

गवा आला तर?

लांब राहा आणि १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या घरात जातो. पुढे जाऊन फोटो काढणारे, मागून दुचाकी लावून हाकलणारे, ओरडत गोळा होणारे, हेच गव्याला बिथरवतात. त्याला मोकळी वाट दिली तर बहुतेक वेळा तो आपल्या वाटेनं परत जातो. धनुष्याचा इथं काही संबंध नाही.

शाहू महाराज तर मोठे शिकारी होते. मग आम्ही का नाही?

होते, आणि ते लपवण्यासारखं नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करायची पद्धत होती. तिच्यासाठी कोल्हापूर देशभर ओळखलं जायचं. घोड्यावरून भाल्यानं रानडुकराची शिकार चालायची. महाराजांनी फासेपारध्यांना कामाला ठेवलं, ज्यांच्याकडे सरकार चोर म्हणून बघायचं त्यांच्यावर विश्वास टाकला. शिकारीच्या नादातून त्यांचं रान आणि रानातली माणसं जवळून बघणं झालं, असं आम्हाला वाटतं.

पण त्याच गोष्टीचं पुढचं पान वाचा. विसाव्या शतकात संस्थानाला चित्ते आफ्रिकेतून आणावे लागत होते, कारण इथले संपत आले होते. १९४७ साली आताच्या छत्तीसगडमधल्या कोरियात शेवटचे तीन मारले गेले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळवीट ज्या माळांवर पळायचं ते माळ आता ऊस, वसाहती आणि एमआयडीसीखाली आहेत.

दाजीपूरचं जंगलही संस्थानचं राखीव शिकारीचं रान. ते राखलं गेलं हे खरं, पण कुणासाठी राखलं हेही विसरू नये. आसपासच्या गावकऱ्याला तिथं मोकळीक नव्हती. पुढे १९५८ मध्ये गव्यांसाठी तिथं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. महाराजांच्या काळात जनावरं भरपूर होती आणि माणसं कमी. आज उलट आहे. त्यांचं उदाहरण द्यायचंच असेल तर धरण बांधणाऱ्या, तालमी उभ्या करणाऱ्या महाराजांचं द्या.

कोल्हापूरला धनुष्याची परंपरा आहे का?

पट्ट्याची आहे, लाठीची आहे, दोरी बांधलेल्या भाल्याची, म्हणजे विट्याची आहे. मर्दानी खेळ इथं पेठापेठांत जिवंत आहेत. नेमबाजीत तर बोलायलाच नको. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्यानं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. पण रानातल्या धनुष्याची ओळख घ्यायची तर महाराष्ट्रात नंदुरबार-धुळ्याकडे, भिल्लांकडे जावं लागतं. त्यांचं धनुष्य बांबूचं, आणि दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. एकलव्याची आठवण म्हणून दोरी ओढताना अंगठा लावत नाहीत, असं सांगतात. आमचे फासेपारधी नावाप्रमाणे फासे लावणारे. त्यांचं कसब मागाचं आणि आवाज काढून पाखराला बोलावण्याचं.

त्यामुळे ‘आमच्या पूर्वजांची विद्या’ वगैरे फलक आम्ही लावत नाही. आम्ही बरंचसं बाहेरून शिकलो आहोत.

मग हे नियम आले कुठून?

जगभर जिथं लोक धनुष्यानं शिकार करत आले, तिथं आपापले नियम होतेच. आज जी शिस्त पुस्तकी झाली आहे तिचा एक मोठा धागा कॅलिफोर्नियाचा आहे. १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ एक माणूस एकटाच, उपाशी, सापडला. ‘याही’ नावाच्या तिथल्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा. गोऱ्यांनी त्याची माणसं मारून संपवली होती. त्याला लोक इशी म्हणू लागले. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकले. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, आणि पहाटे ओढ्यात अंघोळ करून अंगाला वासाचा पाला चोळत असे. जनावराच्या नाकाचा इतका विचार. १९१६ मध्ये तो क्षयानं गेला.

पोप आणि त्यांचे सोबती आर्थर यंग यांच्या नावानं १९६१ मध्ये अमेरिकेत एक क्लब निघाला. जनावराला निसटायची खरी संधी असलीच पाहिजे, हा नियम त्यानं लावून धरला. कुंपणात कोंडलेलं, पाण्यात पोहणारं, बर्फात रुतलेलं जनावर मारलं तर ती शिकार धरायची नाही. एका अंगानं बघितलं तर हा नियम ज्या माणसाच्या लोकांना अशी कुठलीच संधी मिळाली नाही त्याच्या शिष्यापर्यंत जाऊन पोचतो. हे आम्हाला दरवेळी बोचतं.

सगळीकडे एकच कायदा नाही, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये धनुष्यानं शिकार चालते, ब्रिटनमध्ये ती बेकायदा आहे.

सुरुवात किती पौंडाच्या धनुष्यानं करावी?

२० ते २५. पौंड म्हणजे दोरी ओढून धरायला लागणारा जोर. मोठ्या माणसानंसुद्धा एवढ्यावरच सुरुवात करावी. तालमीत जाणारी पोरं ४५ पौंडाचं मागतात आणि पहिल्या दहा मिनिटांत खांदा वर काढून, मान वाकडी करून ओढायला लागतात. ती सवय मोडायला पुढे वर्ष जातं. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच ओढल्यावरचा असतो. तुमचे हात आखूड असतील आणि तुम्ही २६ इंचच ओढत असाल तर साधारण चार-पाच पौंड वजा करा. परदेशात हरणाच्या शिकारीला अनेक ठिकाणी ३५-४० पौंडाची किमान अट असते, म्हणून लोक तिथवर जातात. आपल्याला फोमला भोक पाडायचं आहे, त्याला २५ पौंड पुरतात.

बाण कुठलाही चालतो का?

नाही, आणि नवख्याचे निम्मे प्रश्न इथंच सुटतात. दोरी सुटली की बाण आधी वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होत जातो. हे वाकणं किती, ते बाणाच्या ताठपणावर ठरतं. त्याला स्पाइन म्हणतात. हलक्या धनुष्याला फार ताठ बाण लावला तर उजव्या हाताच्या माणसाचे सगळे बाण डावीकडे जातात आणि तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो. पिसं खरीच घ्या. आपल्या धनुष्यात बाण थेट मुठीवरच्या कडेला घासून जातो, तिथं प्लॅस्टिकची पिसं आपटून बाण फेकतात, खरी दबतात आणि निघून जातात.

कार्बनचा बाण प्रत्येक वेळी सोडण्याआधी दोन्ही हातांनी वाकवून, कानाशी धरून बघायचा. चरचर ऐकू आली तर तो मोडून टाका. चिरलेला बाण दोरीवर फुटला तर कामट्या हातात घुसतात. आणि दोरीवर बाण नसताना ती ओढून सोडायची नाही, कधीच नाही, गंमत म्हणूनही नाही. सगळी ताकद धनुष्याच्या अंगात राहते आणि ते तडकतं.

नेम कसा धरतात? सुई तर नसते.

दोन पंथ आहेत आणि चहाच्या वेळी त्यांची भांडणं ऐकण्यासारखी असतात. एक म्हणतो बाणाच्या टोकाकडे बघ आणि लक्ष्यापासून ते किती खाली दिसतं ते पाठ कर. दुसरा म्हणतो टोक विसर, जिथं लागायला पाहिजे त्या केसाएवढ्या जागेकडे बघ, बाकी हात शिकेल. दगड मारून आंबा पाडताना कुणी कोन मोजत नाही, तसंच. आम्ही सुरुवात पहिल्या पद्धतीनं करून घेतो, कारण चूक कुठं झाली ते तिच्यात सांगता येतं.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. दोरी ओढून हात दरवेळी त्याच जागी यायला हवा, ओठाचा कोपरा किंवा गालाचं हाड. त्याला अँकर म्हणतात. तो अर्धा बोट हलला की लांबवर बाण हातभर हलतो. आणि बाण सुटल्यावर धनुष्याचा हात खाली टाकायचा नाही. बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत तसाच उभा ठेवायचा.

लांबून मारता का? सिनेमात तर शंभर पावलांवरून मारतात.

आमच्यात बहुतेक जण १५ ते २० मीटरच्या पुढे जनावराच्या आकृतीवर बाण सोडत नाहीत, भले कागदाच्या लक्ष्यावर ५० मीटरवरून लागत असो. त्याला कारण आहे. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ५० मीटर जातो. आवाज जातो ३४० मीटर. १८ मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो आणि बाण पोचायला एक तृतीयांश सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्यात ते पळण्यासाठी अंग खाली दाबतं आणि छातीवरचा बाण पाठीला लागतो किंवा वरून जातो. अंतर वाढलं की हा फरक वाढत जातो. त्यात शिकाऱ्याची चूक नसते आणि जनावराची तर नसतेच. म्हणून जवळ जायचं, आणि जाता येत नसेल तर परत यायचं.

आमच्या गटात प्रत्येकानं आपलं अंतर स्वतः सांगायचं असतं. सकाळी, अंग गरम व्हायच्या आधी, पहिलाच बाण जिथवर दरवेळी ताटलीएवढ्या जागेत लागतो, ते तुमचं अंतर. दहाव्या बाणाचं अंतर सांगणाऱ्याला हसतात.

फोमच्या प्राण्यावर नेम कुठं धरायचा?

बाण गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही. रुंद पात्यानं रक्तवाहिन्या कापून मारतो. म्हणून जिथं शिकार होते तिथं फक्त दोन्ही फुप्फुसांतून जाणारी जागा बघतात, आणि त्यासाठी जनावर आडवं उभं असायला हवं किंवा तोंड थोडं पलीकडे वळलेलं. स्पर्धेच्या फोमच्या प्राण्यावर तीच जागा वर्तुळांनी आखलेली असते आणि ११, १०, ८, ५ असे गुण असतात.

आम्ही एक बदल केला आहे. ५ गुणांचा बाण, म्हणजे अंगाला लागला पण जागेवर नाही, आमच्याकडे उणे धरतात. पूर्ण चुकलेल्या बाणाला शून्य. न सोडता पुढे गेलेल्यालाही शून्य. स्पर्धा खेळून आलेल्यांना हे विचित्र वाटतं, पण महिनाभरात त्यांचं चालणं बदलतं. रविवारच्या फेरीत आमची काही फोमची जनावरं मुद्दाम अशी ठेवलेली असतात की तिथं सोडणं चूकच ठरावं. एक डुक्कर पायवाटेच्या बरोबर पुढे आहे. तिथं कुणी बाण लावला की बाकीचे थांबतात आणि विचारतात, पलीकडे काय आहे?

रुंद पात्याची टोकं आम्ही वापरत नाही आणि आणूही देत नाही.

बिटाच्या रसाचं काय ऐकलं होतं?

हो, तो आमचा लाडका खेळ. एक जण सकाळी लवकर येऊन ओढ्याकाठी पंधरा-वीस पावलांवर एकेक थेंब बिटाचा रस टाकत जातो, मध्ये दिशा बदलतो, एके ठिकाणी उलटा फिरतो. बाकीच्यांनी माग काढायचा.

जिथं खरी शिकार होते तिथं बाण लागल्यावर धावत सुटणाऱ्याला सगळे नावं ठेवतात. आधी जागच्या जागी थांबायचं, जनावर शेवटचं कुठं दिसलं ते झाड डोळ्यात धरायचं, अर्धा तास तरी हलायचं नाही. रक्त फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस. गडद असेल तर यकृत. हिरवट आणि वासाचं असेल तर पोट, मग कित्येक तास थांबायचं. आणि मुख्य म्हणजे एकाचा माग सगळ्यांचा असतो. सोबत्याचं जनावर जखमी असेल तर बाकीच्यांची शिकार तिथं संपली, कंदील घ्यायचा आणि त्याच्याबरोबर जायचं. सापडलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आमच्याकडे हे हरवलेल्या बाणाला लागू आहे. बाण गवतात गेला की ज्यानं सोडला तो जागेवरून हलत नाही, हातानं दिशा दाखवत राहतो, बाकीचे एका ओळीत पाय सरकवत पुढे जातात. गवतात राहिलेला बाण शेळ्या चारणाऱ्या पोराच्या पायात जाईल, किंवा वैरणीबरोबर म्हशीच्या पोटात. त्यामुळे तो सापडेपर्यंत पुढचं लक्ष्य नाही. कामावर जायची घाई असणाऱ्यानं त्या दिवशी येऊच नये.

घरी बांबूचं धनुष्य करता येतं का?

येतं. भरीव बांबू घ्या, चंदगड-आजऱ्याकडचा माणगा मिळाला तर बरा. सावलीत पुरता वाळू द्या. बाहेरची चकाकणारी पाठ तासायची नाही, ताण तीच घेते. जे काही तासायचं ते आतून. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पुन्हा पुन्हा बघत जा. पहिलं धनुष्य बहुधा मोडतं.

पावसाळ्यात काय करता?

राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात पिसं ओली होऊन चिकटतात आणि बाण भरकटतो. जुलै-ऑगस्ट आम्ही गोठ्यात दहा पावलांवरून पोत्यावर मारतो. पोत्यात चिंध्या गच्च भरायच्या. दोरीला मेण लावा, काम झालं की उतरवून ठेवा, आणि धनुष्य भिंतीला टेकवून उभं ठेवू नका, आडवं टांगा. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलं तर चिकटवलेले थर सुटतात.

कंपाउंड, म्हणजे कप्प्यांचं धनुष्य का नको?

कुणी नको म्हणालं? शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली, नागपूरचा ओजस देवतळेही त्याच स्पर्धेत. मुलाला स्पर्धेत घालायचं असेल तर प्रशिक्षकाकडे जा, आमच्याकडे वेळ घालवू नका.

बायका, मुलं येतात का?

येतात. हलक्या धनुष्यावर मुली मुलांपेक्षा लवकर बसतात, कारण त्या ताकद लावून बघत नाहीत. दहा वर्षांखालच्या मुलाबरोबर घरचं मोठं माणूस हवं, आणि ते मोबाइल बघत बसलेलं नको. आणि एक अट. ज्या घरात पोर बेचकीनं पाखरं मारतं आणि बाप कौतुकानं बघतो, त्यांनी आधी ते थांबवावं. त्यावर आम्ही वाद घालत नाही.

रानात फासे सापडले तर?

हा प्रश्न कमी विचारला जातो, खरं तर जास्त विचारायला हवा. तारेचा फास सहसा पायवाट जिथं कुंपणातून किंवा जाळीतून जाते तिथं, गुडघ्याच्या खाली असतो. लावलेला असतो डुकरासाठी, अडकतं कुत्रं, भेकर, कधी बिबट्या. फोटो काढा, जागा मोबाइलवर नोंदवा, वन विभागाला कळवा. कुंपणाला वीज सोडलेली दिसली तर जवळच जाऊ नका. पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यासारखं काही पडलेलं असेल तर हात लावू नका, तो गावठी बॉम्ब असू शकतो.

धनुष्य शिकलेल्या माणसाची नजर रानात खाली राहते, पायवाटेवर, लेंड्यांवर, वाकलेल्या गवतावर. म्हणून फासे आमच्या लोकांना जास्त दिसतात. कुणी लावला याचा तपास करायला मात्र जायचं नाही. ते आपलं काम नाही, आणि गावात वैर घेऊन रान वाचत नाही.

तुमच्यात वस्ताद कोण?

तसं कुणी नाही. लायनीवर मात्र शिट्टी ज्याच्या हातात त्याचं ऐकायचं, मग तो कॉलेजचा पोरगा का असेना. दोन शिट्ट्या म्हणजे लायनीवर या, एक म्हणजे सोडा, तीन म्हणजे बाण आणायला चला. पाच किंवा जास्त ऐकू आल्या की दोरी सावकाश सैल सोडून बाण खाली. सगळे जण बरोबरच पुढे जायचे, बरोबरच मागे यायचे. बाण ओढून काढताना मागे कुणी उभं नको. नॉकचं, म्हणजे बाणाच्या मागच्या खाचेचं टोक डोळ्यात जातं.

बढाया मारायला परवानगी आहे, पण चहाच्या वेळेलाच, आणि त्या वेळी तिथं असलेल्यानं साक्ष दिली तर. दुसऱ्याच्या धनुष्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कुणी सल्ला मागितला नसेल तर देऊ नका. हा शेवटचा नियम कोल्हापूरकरांना पाळायला सगळ्यात जड जातो.

जेवणाचं?

आळीपाळीनं. ज्याची पाळी तो भाकरी आणि कोरड्यास आणतो. महिन्यातून एकदा तांबडा-पांढरा होतो, मटण दुकानातलंच असतं. शाकाहारी लोकांसाठी वेगळं भांडं, वेगळा पळा. भांडी ज्याचे त्या दिवशी सगळ्यात जास्त उणे गुण झाले तो घासतो. पाण्याची बाटली, टोपी, पूर्ण बाह्यांचा पण घट्ट शर्ट आणि पायात बूट एवढं तुमचं तुम्ही आणा. धनुष्य, बोटं वाचवणारी टॅब, हातावर दोरीचा फटका अडवणारं आर्म गार्ड पहिल्या महिन्यात आमचं वापरा. सकाळी सातला सुरू होतं, साडेसातनंतर आलात तर लायनीच्या मागे बसून बघायचं.